दुबईतील परदेशी व्यावसायिक : परवाना, निवास आणि पत

दुबईत परदेशी माणसाने व्यवसाय थाटण्यातील खरी अडचण बाजारातील स्पर्धेत किंवा भांडवलाच्या चणचणीत फारशी नाही. ती या व्यवस्थेत आहे की व्यापाराचा परवाना, मालकाचा तेथे राहण्याचा हक्क आणि बाजारातील त्याची पत या तिन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की एक निसटली तर उरलेल्या दोन्ही फार काळ टिकत नाहीत. नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचे दुकान बुडाले तर तो कर्जबाजारी होतो, पण गावात राहतो. दुबईतल्या व्यापाऱ्याला दुकानाबरोबर गावही सोडावे लागू शकते.

भारतीय व्यापारी या शहराला नवे नाहीत. खाडीच्या काठावरील बर दुबईत सिंधी आणि कच्छी पेढ्या तेल सापडण्याच्या कितीतरी आधीपासून होत्या, मुंबईहून आगबोटीने कापड आणि धान्य येत असे, आणि भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी काढलेला रुपया १९६६ पर्यंत तेथे चलन म्हणून वापरात होता. मात्र संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र १९७१ मध्ये उभे राहिल्यानंतर परक्याचे स्थान कायद्याने आखले गेले. १९८४ च्या कंपनी कायद्याने मुख्य भूमीवरील, म्हणजे मुक्त क्षेत्रांबाहेरील, कंपनीत किमान ५१ टक्के भागभांडवल स्थानिक नागरिकाच्या नावे असणे बंधनकारक केले. या स्थानिक भागीदाराला लोक ‘कफील’, म्हणजे जामीनदार, म्हणत. तो बहुधा पैसा घालत नसे. वर्षाला ठरलेली रक्कम घेई आणि कागदावर मालक राहत असे, तर प्रत्यक्ष मालक वेगळा खासगी करार करून आपला हक्क राखण्याचा प्रयत्न करी. धंदा बरकतीला आला की तो करार न्यायालयात टिकेल की नाही, ही टांगती तलवार कायम राहत असे, आणि कफील भला निघणे हा नशिबाचा भाग होता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या जेबेल अलीसारख्या मुक्त क्षेत्रांत संपूर्ण परदेशी मालकी मिळत असे, पण तेथील परवान्यावर शहरातल्या गल्लीत किराणा दुकान किंवा खानावळ काढता येत नसे. २०२१ च्या जूनपासून मुख्य भूमीवरील बहुतेक व्यवसायांना ही ५१ टक्क्यांची अट उरलेली नाही, आणि हा बदल मोठा आहे यात शंका नाही.

तरीही दुकानाच्या जागेचा व्यवहार पाहिला की उरलेले ओझे ध्यानात येते. परवान्यासाठी जागेचा नोंदणीकृत भाडेकरार लागतो. ही नोंदणी ‘एजारी’ या सरकारी व्यवस्थेत होते. वर्षाचे भाडे दरमहा न देता थोड्या हप्त्यांत, पुढच्या तारखांचे चेक आगाऊ लिहून देण्याची रीत आहे. कंपनीचे खाते परवान्याशिवाय उघडत नाही आणि परवाना जागेशिवाय मिळत नाही, म्हणून पहिले चेक बहुतेकदा मालक आपल्या वैयक्तिक खात्यावरच लिहितो. दुबईच्या करामा भागातल्या एखाद्या दुकानाचा गाळा घेताना टेबलावर चार चेक एकाखाली एक ठेवले जातात, प्रत्येकावर तीन महिन्यांच्या अंतराने तारीख पडते, आणि पहिले गिऱ्हाईक पायरी चढण्याआधीच पुढच्या वर्षभराच्या कमाईवर सही झालेली असते. खात्यात पैसे नसल्यामुळे चेक न वटणे हा पूर्वी फौजदारी गुन्हा होता. फसवणुकीचा हेतू नसलेली, केवळ उधारीत अडकलेली माणसेही त्यापायी तुरुंगात गेली, आणि ही शिक्षा अन्यायाचीच होती. २०२२ च्या जानेवारीपासून अशा बहुतेक प्रकरणांतून फौजदारी कलम निघाले, पण न वटलेल्या चेकच्या आधारे धनको वेगळा दावा न लावता थेट वसुलीच्या न्यायालयात जाऊ शकतो, आणि तेथून प्रवासबंदीही लागू शकते.

कराचा भाग त्यामानाने सोपा आहे : २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर, आणि १ जून २०२३ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून ३,७५,००० दिरहमपुढील नफ्यावर ९ टक्के कर. खरा त्रास बँकेचा होतो, कारण नव्या छोट्या कंपनीची चौकशी लांबत जाते आणि तोवर भाडे चालूच राहते.

सर्वांत कमी बोलले जाते ते मालकाच्या मृत्यूबद्दल. पत्नी-मुलांचा निवासपरवाना सहसा त्याच्याच नावावर अवलंबून असतो आणि निधनाची नोंद होताच त्याची खाती गोठतात. मुस्लिमेतरांना आपल्या मृत्युपत्राची इंग्रजीत नोंदणी करण्याची सोय दुबई आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रात २०१५ पासून झाली आहे. पण छोटे दुकानदार तो खर्च पुढे ढकलत राहतात, आणि मग भारतातून वारसाचे कागद मिळवून, ते साक्षांकित करून, अरबी भाषांतरासह न्यायालयात सादर होईपर्यंत घरच्यांना ना दुकान चालवता येते ना विकता येते.