वहीतला रिकामा रकाना

अब्बांना लकवा झाला तेव्हा आम्ही भावंडांनी धास्ती घेतली ती दवाखान्याच्या बिलाची. ते निभावलं. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून मिळणारं आयुष्मान कार्ड त्यांच्याकडे होतं. नवव्या दिवशी त्यांना मिरजेच्या घरी आणलं आणि खरा खर्च तिथून सुरू झाला.

रात्रीचा मामा, डायपर, हवेची गादी, व्यायाम करवून घेणारा, नळीतून द्यायचं खाणं. कार्डात यातलं काही बसत नाही. महिन्याला सव्वीस हजार! अब्बा एसटीतून निवृत्त. फंड आमच्या शादीब्याहात आणि घराच्या स्लॅबमध्ये गेलेला, पेन्शनमधून मामाचा एक आठवडा निघतो. शाळेत दर जूनमध्ये आम्ही वार्षिक नियोजन लिहून देतो. घरात मात्र अब्बांना वाचा होती तोवर एकदाही विचारलं नाही की, पुढं कसं करायचं?

चौथ्या महिन्यात भाईजान म्हणाले, "घर माझ्या नावावर हिबा करून घेऊ. जो सांभाळेल त्याचं घर." ऐकायला रास्त वाटलं. पैसेही त्यांनीच जास्त घातले होते. आपा काही बोलली नाही. ती सासर सोडून आलेली. अब्बांची कूस बदलण्यापासून दिवसाचं सगळं तिच्याकडे.

वकिलांनी सांगितलं, हिब्याला देणं, स्वीकारणं आणि ताबा, तिन्ही लागतं. त्यातून हे मरज-उल-मौत ठरलं, तर वसीयतीचेच नियम लागतील. म्हणजे एक तृतीयांशाची मर्यादा, आणि वारसालाच द्यायचं तर बाकी वारसांची संमती. अम्मी एवढंच म्हणाली, "घर त्यांचं आहे आणि ते अजून आहेत."

मग मौलानांकडे गेलो. अब्बांची स्वतःची मिळकत असताना खर्च त्यातून व्हावा, हे त्यांनी आधी सांगितलं. मुलांनी घातलेला पैसा देतानाच कर्ज म्हणून ठरला नसेल तर ती खिदमत धरली जाते, नंतर मागता येत नाही. आमचे चार महिने असेच गेले. ते सोडून दिले.

आता वरच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्यात. कमी पडेल ते आम्ही अब्बांना कर्ज म्हणून देतो. अब्बांची समज शाबूत आहे. अम्मीनं विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत कर्ज लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितलंय, तसं वहीत तारीख, रक्कम आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. पुढं कफन-दफनानंतर आधी कर्ज फिटेल, मग वसीयत असली तर ती, मग वाटे. भाईजानांचा पैसा बुडत नाही आणि आपाचा हिस्साही जात नाही.

आम्ही नवराबायकोनंही दरमहा तीन हजार वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केलीय. पंचेचाळिशीत, म्हणजे उशिराच. कुठं काय आहे ते मुलांना दाखवलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाकीच्या वारसांसाठी पैसे ताब्यात घेणारा, हेही सांगितलं.

एक हिशेब मात्र जमलेला नाही. आपाच्या नावाचा रकाना वहीत भाईजानांनीच आखला. म्हणाले, "मामाच्या दरानं लिही." आपानं वही मिटली. "अब्बांची मजुरी घेऊ?" रकाना तसाच आहे. भाईजान दर पहिल्या तारखेला तिच्यापुढं पेन ठेवतात, आणि ती चहा टाकायला उठते.