विस्तवापाशी

बारामतीची थंडी म्हणजे काही हिमालयातली थंडी नव्हे. नाताळाच्या सुमारास एखाददुसऱ्या पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरतो आणि ऊन वर आले की अंगावरचा स्वेटर नकोसा होतो. तरीही एमआयडीसीच्या आसपास पत्र्याच्या खोल्यांतून राहणाऱ्यांना हा गारठा चांगलाच जाणवतो. रात्रपाळीहून परतलेला माणूस प्रथम शोधतो तो विस्तव, आणि मग त्यावरचे पातेले.

या दिवसांत बाजरीला पर्याय नाही. गव्हाचा चिकटपणा तिच्या अंगी नाही. म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवून तळहाताखाली रगडावे लागते. थापलेली भाकरी तव्यावर पडली की तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, ती उलटायची आणि शेवटी विस्तवासमोर उभी करून फुगवायची. पिठात स्निग्धांश अधिक असल्याने ते लवकर कडू पडते. जाणत्या गृहिणी त्यामुळे आठवड्यापुरतेच दळण आणतात. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली ही भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांगी, गाजर, पावटा, हरभरा यांची मिसळीची भाजी मी ख्रिस्ती घरांतूनही आवडीने जेवलो आहे. पंचांगाशी नाते असो वा नसो, ऋतूशी असतेच!

भाजणे म्हटले की हल्ली ओव्हन डोळ्यांपुढे येतो. पाव हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यातील पोदेर पूर्वी माडीने पीठ आंबवीत. परंतु भट्टीवाचून भाजण्याची विद्या आपल्या मुलखातही जुनी आहे. विदर्भातले रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात. बिहारची लिट्टीही तशीच. एका संध्याकाळी वर्ध्याचा एक व छपऱ्याचा एक असे दोन तरुण कामगार एकाच आरापाशी वाद घालताना मला भेटले. गोळ्यात सत्तू भरावे की भरू नये, हा प्रश्न होता. निवाडा माझ्याकडे आला. मी दोन्ही खाल्ले आणि मौन पाळले. गंमत अशी की दोघांच्याही पानात जोडीला वांगेच होते. एकाची रस्सेदार भाजी, दुसऱ्याचा चोखा.

आमच्या धर्मग्रामातील पुष्कळ घरी ओव्हन नाही. नाताळात कुकरच्या तळाशी वाळू किंवा मीठ पसरतात, शिटी व रबर काढून ठेवतात आणि आत केकचे भांडे बसवतात. थंडीत यीस्ट सुस्तावते. बनासाठी मळलेले पीठ मग गोधडीत गुंडाळून, एखादे तान्हे मूल निजवावे तसे, चुलीशेजारी ठेवलेले दिसते. सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात ज्वारीची कणसे कोवळ्या दाण्याची झाली की आगट्या पेटतात. तळहातावर चोळलेला ऊन ऊन हुरडा आणि लसणाची चटणी! आता तिकीट काढूनही तो मिळतो. चव मात्र बांधावरच्याचीच खरी, असे माझे हट्टी मत आहे.

हे सुख सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही, हे मला ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर कळले. माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांच्या हंगामात बीडकडची कुटुंबे येथे येऊन राहतात. तेथली बाई अंधारातच उठून तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापते आणि उजाडताच कोयता घेऊन फडात उतरते. चुलीभोवती पुरुष व पोरे शेकत बसलेली असतात. अशाच एका माउलीला मी म्हणालो, "चूल आहे म्हणून थंडी सुसह्य होते, नाही?" तिने फुंकणी खाली ठेवली. "शेक यांला, बाबा. मला धूर," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती; ती हिशेब सांगत होती. तिचा नवरा चुलीपासून थोडा मागे सरकला.

पुढच्या फेरीला गेलो तेव्हा ती उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्यावर बसून चहा पीत होती आणि तिचा थोरला मुलगा परातीपुढे बसला होता. त्याची भाकरी काठाला चिरत होती. ती बसल्या जागेवरून सांगत होती, "पाणी कमी पडलं. अजून रगड."