पिंगळ्याचा काय दोष?

खानदेशातल्या आमच्या घरामागे कडुलिंबाचे जुने झाड होते. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहत असे. दिवस मावळला की दोघे फांदीवर येऊन चिरकत. "मेलं, कुणाच्या नावानं ओरडतंय!" असे म्हणून आजी चुलीतले जळते लाकूड उगारी. पहाटे मात्र कंदील घेऊन पिंगळा जोगी दारात आला की त्याला सूपभर दाणे मिळत. का, तर त्याला म्हणे या पाखराची भाषा कळते! भाषा जाणणाऱ्याला दाणे आणि बोलणाऱ्याला दगड, असा तो न्याय होता.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या धाकट्या भावाला ताप आला. तो उतरेना. शेजारच्या बाया म्हणाल्या, "झाडावरचं घुबड हाकला." आम्ही भावंडे काठ्या घेऊन धावलो. ढोलीत काठी घातली तेव्हा दोन पिल्ले खाली पडली. अंगावर धड पिसेही नव्हती. आईबाप रात्रभर त्या झाडाभोवती घिरट्या घालत होते. ताप मात्र तसाच राहिला. पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी टायफॉईड सांगितला, औषध दिले आणि भाऊ वाचला. दोष विहिरीच्या पाण्याचा होता. शिक्षा पिल्लांनी भोगली.

ही गोष्ट आज लिहिण्याचे कारण म्हणजे आमच्याच मुलखातला एक दुसरा पिंगळा. त्याचे नाव रानपिंगळा. १८७२ साली ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्याला तो आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात मिळाला व १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा एकही खरा नमुना मिळाला नाही. १९१४ साली गुजरातेत मिळाला म्हणून एक नमुना दाखवला जाई. तो संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. पामेला रासमुसेन यांनी हा खोटेपणा उघड केला, जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना व त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! ऐकीव गोष्ट तपासून पाहिली म्हणूनच हे घडले.

हा पक्षी साधारण साळुंकीएवढा, म्हणजे २३ सेंटिमीटरचा. आपल्या वस्तीतल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे असते. पंखांवर व शेपटीवर ठळक पांढरे पट्टे, पोट पांढरे, आणि पायांवर दाट पांढरी पिसे. दिवसाउजेडी हा शिकार करतो, थंडीत सकाळच्या उन्हात बोडक्या फांदीवर शेपटी झटकत बसतो. सरडे, उंदीर, किडे हे त्याचे अन्न. म्हणजे तो शेतकऱ्याचा मित्रच.

ऑक्टोबर ते मे हा याच्या विणीचा काळ. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि तीच ती उबवते. तेवढे दिवस नर शिकार करून तिला आणून देतो. पुढे पिल्लांच्या खाण्यासाठीही त्याचीच धावपळ. घर चालवणे म्हणजे काय, हे कष्टकरी माणसाला सांगायला नको. परंतु हा पक्षी स्वतः ढोली कोरत नाही. जुन्या झाडाला पडलेली पोकळी हेच त्याचे घर. जुने झाड तोडले की त्याचा संसार उघड्यावर.

आज मेळघाटात याची वस्ती मोठी आहे. २०१४ साली मुंबईच्या उत्तरेला तानसा अभयारण्यातही तो आढळला. तरी जंगलतोड चालूच आहे आणि जादूटोण्यासाठी घुबडाचे अवयव व अंडी वापरण्याचा अघोरी प्रकारही. घुबड मारणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. पण धाक केवळ कायद्याचा नको. घरातल्या माणसाने घरातल्या मुलाला खरे सांगितले पाहिजे.

आम्हांला ते कोणी सांगितले नव्हते. ती दोन पिल्ले अजून डोळ्यांपुढे येतात. वाचकहो, तुमच्या झाडावर पिंगळा ओरडला तर काठी उचलू नका. घरात कुणी आजारी असेल तर दवाखान्यात न्या, पाणी उकळून प्या, आणि मुलांना ढोलीतले ते गोल डोळे लांबूनच दाखवा.