रफाराला जागा द्या

मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीचा वार्षिक हिशोब छापायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. सभासदांत निम्मे निवृत्त, त्यामुळे अहवाल मराठीत आणि कागदावरच हवा.

गेल्या वर्षीचा कागद काढून बघितला. रेघा अक्षरांना इतक्या चिकटलेल्या, की झेरॉक्स काढल्यावर रफार रेघेतच गडप. शेजारचे काका भिंग लावून विचारत होते, "अरे, हा लिफ्टचा 'खच' कसला?" हसायला आलं खरं. पण पैसे त्यांचेही आहेत. हिशोब वाचताच आला नाही, तर ते सभेत प्रश्न काय विचारणार?

म्हणून यंदा लाटेक. मित्र म्हणाला, "एक्सेल असताना ही डोकेफोड कशाला?" कारण इथे अंतर एकदाच ठरवायचं, सगळे तक्ते ते पाळतात. फक्त ते मराठीसाठी ठरवावं लागतं.

लाटेकच्या मुळाशी असलेलं टेक डोनाल्ड कनुथ यांनी १९७८ मध्ये आणलं, ते रोमन लिपी समोर ठेवून. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत लाटेक एक अदृश्य टेकू उभा करतं: ओळींतल्या अंतराचा ७० टक्के भाग वर, ३० टक्के खाली. इंग्रजीला तेवढं पुरतं. आपल्याकडे शिरोरेघेवर वेलांटी, रफार, अनुस्वार असा आणखी एक मजला! अक्षर टेकूपेक्षा उंच झालं की ओळ जेमतेम तेवढीच वाढते. मग 'जमा'ची ओळ बुटकी, 'खर्च'ची उंच, आणि रफार वरच्या रेघेला टेकलेला.

पहिला उपाय अरेस्ट्रेच. तो १ चा १.२ केला की टेकू वर-खाली त्याच प्रमाणात वाढतो. 'वसूल'मधल्या ऊकारालाही श्वास मिळतो. पण आपली खरी अडचण वर आहे. त्यासाठी अरे पॅकेजमधलं एक्स्ट्रारोहाइट: ते फक्त वरची जागा वाढवतं. मी २ पॉइंट दिले. ओळी एकसारख्या झाल्या.

शेवटी बुकटॅब्स. उभ्या रेघा काढल्या. आडव्या तीनच: वर, मथळ्याखाली आणि तळाला. रकमा उजवीकडे लावल्या. रेघांचं काम मोकळी जागा करते.

खजिनदारांची तक्रार एकच, दर प्रतीमागे एक पान वाढलं. बरोबर आहे. म्हटलं, तो खर्चही तक्त्यात दाखवू, रफारासकट.