लाल शाई

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावरही नववीचा मराठीचा तास मी सोडलेला नाही. बेळगावनजीकच्या आमच्या सरकारी मराठी शाळेत ही एवढी एक चैन मी स्वतःसाठी राखून ठेवली आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मुलांना 'माझा आवडता ऋतू' हा निबंध दिला होता. एका मुलाने लिहिले, 'मला कुठलाच ऋतू आवडत नाही. रात्री झोप येत नाही आणि सकाळ झाली की भिती वाटते.' मी 'भि' दीर्घ केला, समासात 'विषयाला धरून लिहावे' असा शेरा मारला आणि दहापैकी तीन गुण देऊन मोकळा झालो.

पंधरा दिवसांनी वर्गशिक्षिका ती वही घेऊन आल्या. मुलगा मधल्या सुटीत एकटा बसतो, डबा तसाच परत नेतो, म्हणून त्या काळजीत होत्या.

"सर, आपण हे वाचलंत ना?"

"तपासलं होतं," मी म्हणालो. आणि माझ्याच उत्तराची मला लाज वाटली. तीस वर्षे भाषा शिकविणाऱ्याला मुलाचे म्हणणे कळले नव्हते!

त्याच्या आईला बोलाविले. डॉक्टरांचे नाव काढताच त्या माउलीचा चेहरा उतरला. "म्हणजे पोराला धारवाडला न्यायचं का, सर?" धारवाड म्हणजे वेड्यांचे इस्पितळ, हे आमच्याकडचे जुने समीकरण. शिवाय डॉक्टर कानडी बोलणारे असले, तर पोर मनातले सांगणार कसे? ही शंका मात्र खोटी नव्हती. दुःख मायबोलीतच मोकळे होते.

मी सोबत गेलो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातील समुपदेशक बाई "मराठीतच बोल, बाळ" म्हणाल्या आणि मुलाला रडू कोसळले. औषधाची गरज पडली नाही. पण चार महिने दर पंधरवड्याची खेप त्याने चुकविली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निम्मे मनोविकार अठरा वर्षांच्या आतच सुरू होतात. झोप, भूक, खेळ, अभ्यास यांतील बदल दोन आठवडे टिकला, तर 'वयच तसं आहे' म्हणून तो झटकू नये. सरकारी उपचार मिळण्याचा आणि ते गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे. २०२२ पासून 'टेलि-मानस'ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा रात्रंदिवस विनामूल्य चालते आणि तिच्या वीस भाषांत मराठीही आहे. आपल्यासारख्या परप्रांतस्थ मराठी घरांना हा केवढा आधार!

तो मुलगा आता दहावीत आहे. परवा त्याच्या निबंधात 'भिती' पुन्हा ऱ्हस्वच आढळली. मी ती दुरुस्त केली. पण आधी निबंध शेवटपर्यंत वाचला.