माझे दोन नाद

प्रत्येक घरात एखादा तरी नादिष्ट माणूस असतो. आमच्या आजोबांना तरुणपणी नाट्यसंगीताचा नाद होता, वडिलांना टपालाची तिकिटे जमविण्याचा होता. हे नाद सभ्य समजले जात असल्यामुळे पाहुण्यांपुढे त्यांचा उल्लेख अभिमानाने होतो. माझे नाद दोन आहेत आणि पाहुणे आले की दोहोंचाही उल्लेख कटाक्षाने टाळला जातो. एक, चौघांनी मिळून खेळावयाचा मोबाइलवरील बंदुकांचा खेळ, आणि दुसरा, कोरियन कंपन्यांच्या स्वस्त मोटारी.

वार्षिकासाठी आवडत्या विषयावर लिहा, असे गुरुजींनी सांगितले तेव्हा मी प्रथम 'देवासची टेकडी' हा विषय घेतला होता. दोन परिच्छेद लिहूनही झाले. मग मनात आले की, टेकडीवरील तुळजाभवानी व चामुंडा या दोन्ही देवतांना माझ्या निबंधावाचून काही अडलेले नाही, आणि खोटी आवड लिहिण्यापेक्षा खरी लिहून चार शब्द ऐकून घेतलेले बरे.

योगायोग असा की दोन्ही नादांचे माहेर एकच. २०१७ साली निघालेला 'पब्जी' हा खेळ दक्षिण कोरियातील कंपनीचा. त्याची मूळ कल्पना मात्र ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाची, आणि खेळातील आठ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद बेटाला त्याने आपल्या मुलीच्या नावावरून 'एरँगेल' हे नाव दिले. शंभर खेळाडू विमानातून या बेटावर छत्रीच्या साहाय्याने उतरतात. उतरताना हातात काही नसते. ओसाड घरांतून शस्त्रे, औषधे, शिरस्त्राणे शोधून काढावी लागतात. इकडे बेटावरील सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जाते आणि लपून बसलेल्यांनाही परस्परांसमोर यावेच लागते.

आपल्या देशात या खेळाचे प्रारब्ध मोठे चमत्कारिक ठरले. सरहद्दीवर चीनशी तणाव निर्माण झाला त्या २०२० सालच्या सप्टेंबरात, मोबाइलवरील आवृत्तीशी चिनी कंपनीचा संबंध असल्यामुळे, त्यावर बंदी आली. २०२१ च्या जुलैत तो 'बीजीएमआय' या नव्या नावाने अवतरला, २०२२ च्या जुलैत पुन्हा नाहीसा झाला, आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला. परत येताना अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घेऊन आला. आमच्या घरची मर्यादा एका तासाची आहे आणि ती कोणत्याही कंपनीपेक्षा कडक रीतीने पाळली जाते.

आजीने एकदा चष्मा लावून हा खेळ पाहिला. त्यातील शिपायाच्या पाठीला तवा अडकविलेला असतो व तो गोळीसुद्धा अडवितो, हे पाहून तिने विचारले, "एवढी माणसं मारून झाल्यावर पोळ्या करतोस की काय?" आजोबांचे कुतूहल निराळे होते. गडी पडल्यावर काय होते, हे त्यांना हवे होते. मी त्यांना सांगितले की, गोळी लागून पडलेला गडी लागलीच बाद होत नाही. तो गुडघ्यांवर रांगत राहतो. अशा वेळी सोबत्याने जवळ येऊन सुमारे दहा सेकंद त्याची शुश्रूषा केली तर तो उठतो आणि पुन्हा खेळू लागतो. मात्र त्या दहा सेकंदांत दोघांनाही हालता येत नाही, आणि शत्रूला आयतेच दोन बळी सापडू शकतात. "म्हणजे संजीवनी!" आजोबा म्हणाले. हुतूतूच्या मैदानात गुडघे फोडून घेतलेले ते गृहस्थ, त्यांना खेळाचे मर्म एका क्षणात समजले.

आता माझे मत सांगतो. पुष्कळांना ते पटणार नाही. खेळ संपल्यावर जे पत्रक पडद्यावर येते त्यात किती मारले या आकड्यावरच सर्वांची दृष्टी जाते. वर्गातही दुसऱ्या दिवशी त्याच आकड्याची बढाई चालते. परंतु संघात कोणाला घ्यावे हे ठरविताना मी तो आकडा पाहत नाही. पडलेल्याकडे कोण धावतो, हे पाहतो. नेमबाजी सरावाने येते. दगडी भिंतीपलीकडे सोबती रांगत असता आपली सुरक्षित जागा सोडावी की नाही, हे ठरविण्यास मिळतो अर्धा क्षण, आणि तेथे सरावाचा फारसा उपयोग होत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळाले नाही. आमच्या संघात मी, माझा एक वर्गमित्र, धारचा आतेभाऊ आणि त्याचा एक मित्र असे चौघे. आतेभाऊ मजहून दोन वर्षांनी मोठा, त्यामुळे नायक तोच. मलाही नायकपणाची हौस असल्यामुळे बरेचदा देवासच्या जुन्या कारभाराची आठवण व्हावी असा प्रकार होई. एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन पवारांची राज्ये, तसे एकाच संघात दोन हुकूम सुटत. कधी कोणी गैरहजर असला की चौथा गडी म्हणून कोणी अनोळखी येतो. माळव्यात तो बहुधा हिंदी बोलणारा. अशा वेळी आम्ही तिघे मराठीत खलबत करतो आणि तो बिचारा "क्या बोल रहे हो भाई?" असे विचारीत राहतो. एकदा मात्र तो अनोळखी नांदेडचा निघाला. आमची सगळी खलबते त्याने मुकाट्याने ऐकली आणि शेवटी म्हणाला, "बाकी ठीक आहे, पण ही मराठी कुठली हो?"

२०२३ च्या दिवाळीतील गोष्ट. खेळ रंगात आला होता. आकाशातून विमानाने मौल्यवान शस्त्रांची पेटी टाकली. ती माझ्यापासून पन्नास पावलांवर पडली आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूस आतेभाऊ गोळी लागून पडला. "ये रे लवकर," तो म्हणाला. "आलोच, दादा," मी म्हणालो, आणि पेटीकडे धावलो. पेटीत जी दूर पल्ल्याची बंदूक असावी अशी माझी फार दिवसांची इच्छा होती, तीच निघाली. मी मागे वळलो तेव्हा तो बाद झाला होता. त्या बंदुकीच्या जोरावर आम्ही तो डाव जिंकलासुद्धा. पडद्यावर सोनेरी अक्षरे झळकली. त्या वेळी आतेभाऊ खोलीतून केव्हाच निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी मी फोन केला, तेव्हा तो रागावलेला वाटला नाही. एवढेच म्हणाला, "नाही आलास त्याचं काही नाही. पण तू 'आलोच' म्हणालास." पुढे कित्येक महिने तो खेळावयास आला नाही. माझ्याजवळ बंदूक होती आणि बरोबर खेळण्यास नायक नव्हता.

दुसऱ्या नादाचे मूळ आमच्या अंगणात उभे होते. २००४ साली आजोबांनी घेतलेली ती सँट्रो. ह्युंदाईने १९९६ साली हिंदुस्थानात पाय ठेवला, चेन्नईजवळ कारखाना उभारला आणि १९९८ च्या सप्टेंबरात सँट्रो बाजारात आणली. तिचा उंच घाट पाहून लोक प्रथम हसले. डोक्यावर टोपी ठेवल्यासारखी ती दिसे. परंतु त्या उंचीमुळेच लग्नकार्यात पगडी बांधून निघालेल्या आमच्या आजोबांना मान वाकवावी लागत नसे, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला खुर्चीत बसावे तसे सरळ बसता येई. कमी किमतीच्या गाडीत मोठेपणा कोठे ठेवावा, हे त्या कोरियन कारागिरांना नेमके समजले होते असे मला वाटते. नाकापुढचा भाग आखूड केला आणि माणसांची जागा वाढविली.

त्याच वर्षी दुसऱ्या एका कोरियन कंपनीची, देवूची, मॅटिझ आली होती. दिसावयास ती सँट्रोहून कितीतरी गोजिरवाणी. पण २००० साली देवू मोटर दिवाळखोरीत गेली. पुढे तीच गाडी २००७ मध्ये शेव्हरोले स्पार्क या नावाने पुन्हा आली, आणि २०१७ मध्ये शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्स हिनेही आपल्याकडील विक्री थांबविली. एका गाडीने दोनदा पोरके व्हावे, असे हे उदाहरण विरळा! म्हणून कोणी स्वस्त गाडीबद्दल माझा सल्ला विचारला (अद्याप दोघांनीच विचारला आहे) तर मी किमतीच्या आधी, दहा वर्षांनी तिचा सुटा भाग कोठे मिळेल, हे विचारतो. त्याच जनरल मोटर्सचा पुण्याजवळील तळेगावचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला, हे वाचून मला सँट्रोच्या वतीने उगाच आनंद झाला होता.

२०२४ च्या जानेवारीत आत्याच्या घरच्या वास्तुशांतीसाठी आम्ही धारला निघालो. वडील गाडी चालवीत होते, शेजारी आजोबा, मागे आजी, आई आणि मी. इंदूर मागे टाकले, बेटमा ओलांडले, आणि अकस्मात एक वासरू रस्त्यावर आले. वडिलांनी करकचून ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी थांबली, वासरूही वाचले. पुढच्या दोघांनी पट्टे बांधले होते. आजी मात्र समोरच्या आसनावर आदळली आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले.

मागच्या आसनालाही पट्टे होते. आम्ही हौसेने शिवून घेतलेल्या अभ्र्याखाली त्यांची कुलुपे गेली होती आणि इतक्या वर्षांत कोणालाही ती वर काढावीशी वाटली नव्हती. मोटारींविषयी तासन् तास बोलणाऱ्या मलासुद्धा! इंजिन किती घनसेंटिमीटरचे, मैल किती देते, सारे मला मुखोद्गत होते. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडील पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या आणि मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले, त्यात ह्युंदाईची आय-टेन होती, हेही मी वर्गात सांगितले होते. उद्योगपती सायरस मिस्त्री २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात मागच्या आसनावर पट्ट्यावाचून होते, हे वृत्त मी मोठ्याने वाचून दाखविले होते. आणि माझ्या शेजारी बसलेल्या आजीचा पट्टा अभ्र्याखाली होता.

धारच्या दवाखान्यात आतेभाऊ आमच्या आधी येऊन उभा होता. रात्रभर तो आजीच्या उशाशी बसला. पहाटे मी पाणी घेऊन गेलो तेव्हा म्हणाला, "तू झोप. मी आहे." दिवाळीतील डावाचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही, कारण काय बोलावे ते सुचत नव्हते.

सँट्रोची वीस वर्षांची नोंदणी त्याच साली संपत होती. नवी गाडी घ्यावयाची, पण पैसे मोजके, असा प्रश्न उभा राहिला. घरात दोन पक्ष पडले. छताला काच असलेली मोठी जुनी गाडी घ्यावी, म्हणजे चारचौघांत शोभेल, असे एका पक्षाचे म्हणणे. त्या रात्री वडिलांनी मला प्रथमच मोठ्या माणसाप्रमाणे विचारले, "तुझं मत काय?" मी सांगितले की, छोटी घ्या पण नवी घ्या. २०२३ च्या जुलैत आलेल्या एक्स्टरमध्ये सुरुवातीच्या सहा लाखांच्या गाडीलाही सहा हवेच्या पिशव्या होत्या आणि पाचही जागांना खांद्यावरून येणारे पट्टे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीने सर्वच गाड्यांना सहा पिशव्या देण्याचे जाहीर केले. बंपरचा रंग, काचेचे छत, पडद्यावरील गाणी यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. आतेभावाचे वडील पीथमपूरच्या एका कारखान्यात आहेत. तेथे, धार जिल्ह्यातच, मोटारी तपासण्याचे प्रचंड मैदान आहे आणि २०२१ मध्ये त्यातील ११.३ किलोमीटरच्या वेगाच्या धावपट्टीचे उद्घाटन झाले. काका म्हणतात, लोकांना त्या धावपट्टीचेच कौतुक, पण मैदानात गाडी थांबविण्याच्या परीक्षेसाठीही निराळी वाट बांधली आहे, तिची चौकशी कोणी करीत नाही.

गाडी आली. सँट्रोला निरोप देताना आजोबा तिच्या छतावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. आजीने नव्या गाडीचा पुढचा भाग पाहिलाही नाही. मागचे दार उघडून बसली आणि म्हणाली, "माझा पट्टा कुठे आहे?" अभ्रे शिवावयाचे नाहीत, असे एकमताने ठरले.

आतेभाऊ खेळावयास परत आला तो उन्हाळ्याच्या सुटीत, कोणतीही प्रस्तावना न करता. पहिल्याच डावात मी भर मैदानात पडलो. तो धावत आला. दहा सेकंद पुरी होण्याच्या आत कोणी तरी आम्हा दोघांनाही टिपले आणि आम्ही दोघेही बाद झालो. "काय मूर्खपणा!" असे आमचा चौथा गडी म्हणाला. आम्ही दोघे हसत होतो.

गेल्या दसऱ्यास पुन्हा धारला गेलो. वाटेत चहासाठी थांबलो असता आजोबांनी उतरताना पुरणपोळ्यांचा जड डबा आपल्या आसनावर ठेवला. वडिलांनी गाडी सावलीत घेण्यासाठी चार हात पुढे नेली, तोच गाडीने पट्टा बांधण्याविषयी टुणटुण सुरू केली. मागच्या आसनावरून आजी म्हणाली, "अहो, डब्याला पट्टा बांधा. आत्याच्या घरी सगळ्या पोळ्या अखंड पोहोचल्या पाहिजेत." आजोबांनी चहाचा पेला खाली ठेवला, परत आले आणि डब्याला पट्टा बांधला.