एकवीस योजनें

दुधनी हें गांव बहुतेक वाचकांस ठाऊक नसेल. अक्कलकोट तालुक्याच्या टोकास, कर्नाटकाच्या सीमेलगत, तुरीच्या बाजाराकरितां नांवाजलेलें हें एक लहानसें रेल्वेस्टेशन. परंतु अलीकडे त्यास एक नवलाचें स्थान प्राप्त झालें आहे. एका बाजूस सोलापूरचा विमानतळ, दुसऱ्या बाजूस कलबुर्गीचा, आणि आम्ही साधारण मध्यावर! कलबुर्गीचा २२ नोव्हेंबर २०१९ रोजीं सुरू झाला. सोलापूरचा तसा जुनाच. परंतु साखर कारखान्याची चिमणी विमानमार्गांत येते म्हणून पुष्कळ वाद झाला. अखेर जून २०२३ मध्यें ती पाडली आणि ९ जून २०२५ रोजीं तेथून गोव्याकडे विमान उडालें.

या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारें ११५ किलोमीटर. तेवढ्याकरितां कोणी विमान सोडलेंच तर तें वर चढतें न चढतें तोंच उतरूं लागेल. आगगाडी दोन तासांच्या आसपास पोंचविते. तेथें विमानाचा हट्ट धरणें आम्हांस तरी शहाणपणाचें वाटत नाहीं.

गोव्याची गोष्ट निराळी. आमची थोरली बहीण फोंड्यास दिलेली. २०२५ च्या आषाढांत तिच्या दुखण्यानें उचल खाल्ली. मोटारीनें दहा तासांची वाट, आणि पाठीच्या कण्याच्या विकारामुळें सलग दोन तासांवर बसण्याची आम्हांस डॉक्टरांची सक्त मनाई. तेव्हां आयुष्यांत प्रथमच विमानाचें तिकीट काढलें.

सोलापूरपासून गोव्यांतील मोपा विमानतळ सरळ रेषेंत सुमारें ३०५ किलोमीटर. हात दीड फुटाचा धरून आम्हीं ‘लीलावती’च्या मापानें हिशेब मांडला, चार क्रोशांचें एक, अशीं एकवीस योजनें भरलीं. दोन पंख्यांचें तें विमान ताशीं पांचशें किलोमीटरपर्यंत जाऊं शकतें. मग सव्वा तास कां, असें नातवास विचारलें. त्यानें सांगितलें कीं, जमिनीवर धांवणें, चढणें आणि उतरणें यांतच बराच वेळ जातो. पूर्ण वेग थोडकाच काळ मिळतो.

पण हा सव्वा तास विमानाचा, प्रवाशाचा नव्हे. दुधनीहून सोलापूर, विमानतळावरील दीड तासाची बैठक, आणि मोपाहून फोंड्याची वाट धरतां आमचे सात तास सहज गेले. मोटारीच्या मानानें लाभ तीन तासांचा. तथापि मधून मधून उठतां बसतां आलें, हा खरा लाभ; त्यावांचून आमचें जाणें झालेंच नसतें.

‘रघुवंशा’चा तेरावा सर्ग आम्हीं कित्येक वर्षें शिकविला. पुष्पक विमानांतून राम सीतेस खालचें समुद्र, अरण्यें, नद्या दाखवितो. तो वर्गांत सांगतांना आम्ही फळ्यावर नकाशा काढीत असूं. सह्याद्रि वरून कसा दिसतो हें पाहण्याची म्हणूनच फार उत्कंठा होती. दिसला तो केवळ मेघांचा पांढरा पसारा!

ताई शुद्धीवर होती. उशाशीं बसून आम्हीं विमानाचें वर्णन करूं लागलों, तों तिनें हात हालवून थांबविलें व क्षीण स्वरानें विचारलें, “दुधनीहून गाडीनेंच निघालास ना? बोरोटीला गाडी थांबली का रे?” आम्हीं ‘थांबली’ म्हटलें. मग डोळे मिटून ती एकेक स्टेशन म्हणूं लागली, “बोरोटी, नागणसूर, अक्कलकोट रोड...” होटगीपर्यंत आम्हींही तिच्याबरोबर म्हटलें.